मोहनरावाचा देव पाण्यात

कांदा गाठीला आला की त्याला एक पाणी लागतंच. त्या एका पाण्यासाठी मी मोहनरावाच्या बांधावर चौथ्यांदा गेलो व्हतो. सणसरच्या खाली, कालव्याच्या चारीच्या पार शेवटाला आमची बौद्ध वस्ती. आमच्या वर मोहनरावाचा आठ एकर ऊस, आन् त्याच्या बांधाला चारीचं लोखंडी दार. पाण्याची पाळी आमची, कुलूप त्याचं. पाटकऱ्याला सांगावं तर तो म्हणतो, आपसात मिटवा.

"मोहनराव, कुलूप काढा. कांदा करपाय लागलाय."

"अप्पा, माझ्या हातात काय हाय? वरनंच पाणी कमी."

आन् हे बोलताना गडी उसाच्या सरीत घोटाभर पाण्यात उभा! वर हात जोडून म्हणतोय, "मी देवाला साकडं घालतो की तुमच्यासाठी."

वाटलं, टाळायला बोलला. पर सांजच्याला मारुतीच्या देवळातला भोंगा सुरू झाला. "वस्तीवरल्या आपल्या पीडित बांधवांसाठी मी घरचा खंडोबा पाण्यात घातलाय. त्यांच्या रानात पाणी पोचल्याबिगर देव भायेर काढणार न्हाय!" लोकांनी टाळ्या पिटल्या. निवडणूक तोंडावर आलेली, दुसरं काय! पीडित म्हणं. पिडतंय कोण, ते मातूर भोंग्यातनं आलं न्हाय.

सकाळी माझी कारभारीण भागुबाई बघाय गेली, मी मागनं. सोप्यात तांब्याचं घंगाळ काठोकाठ भरलेलं, तळाला खंडोबाचा चांदीचा टाक. पाणी चारीचंच. देवाला मिळालं, कांद्याला न्हाय. बायका फुलं वाहत व्हत्या आन् मोहनराव गरीब गाईवानी तोंड करून बसलेला. थू त्याच्या!

भागुबाई घंगाळात वाकून म्हणाली, "आमच्या आजेसासऱ्यानंबी देव पाण्यात घातलं व्हतं, मोहनराव. छप्पन साली, नीरेत. पर परत काढायसाठी न्हवतं घातलं."

मोहनराव कसंनुसं हसला. "तुमच्यासाठीच चाललंय हे, भागुबाई."

"व्हय की. अख्ख्या गावानं ऐकलंय. आता शब्द पाळा म्हंजे झालं."

तिसऱ्या दिवशी भर उन्हात मोहनरावाची बायको, विजयमालावयनी, आमच्या रानात आली. अनवाणी. वाफ्यात बसली, माती मुठीत घेतली. भुगा झाला तिचा.

"अजून न्हाय का वं आलं पाणी?" वयनीचा आवाज रडवेला.

"कुठनं यील?" भागुबाई म्हणाली.

तवर मोहनराव फटफटीवर मागनं आला. "आगं, चल घरी! उद्या इंद्रजितची हळद. टाक काढ, पुसून देव्हाऱ्यात ठेव. कोण बघतंय?"

"देव बघतोय की!" वयनी कडाडली. "भोंग्यावर बोललाय न्हवं? कुळाचा देव बुडालेला आन् माझ्या लेकाला हळद लावू? त्याच्या संसारावर आणताय का? हितं पाणी आल्याबिगर मी उठणार न्हाय."

आन् बसली की वाफ्यात! मोहनरावानं माझ्याकडं बघितलं, मी आभाळाकडं. बाकीची वस्ती काम टाकून बांधावर गोळा झाली. शेवटी मोहनरावानं करगोट्याची किल्ली सोडली आन् स्वतःच्या हातानं दार उघडलं. चारी भरून आली. घटकाभरात पाणी पयल्या वाफ्यात शिरलं. वयनी शेवटचा वाफा भिजस्तवर हलली न्हाय. तिच्या लुगड्याचा काठ चिखलानं भरला, तवा उठली.

सांजच्याला परत भोंगा. "देवानं गाऱ्हाणं ऐकलं! मोहनरावांची भक्ती फळाला आली!" म्होरं गुलाल, फटाके. देवाच्या नावानं पाणी सोडलं म्हणून हाराचा मान त्यालाच. दार सकाळच्या आत परत बंद, कुलूपबी तेच.

हळदीच्या दिवशी वयनी स्वतः पेढं घिऊन वस्तीवर आली. भागुबाईनं पेढा घेतला, खाल्ला, हात पुसला.

"गोड हाय. वयनी, तुमच्या लेकीचं, निकिताचं, लगीन कवा?"

"अजून ठरलं न्हाय. का वं?"

"पुढल्या पाण्याच्या पाळीला धरा," भागुबाई म्हणाली. "तवा आमचा मका पोटऱ्यात आसंल."