मी, ओकारीची बादली

मित्रांनो, नाक धरून ऐकलंत तरी चालेल. मी एक जुनी निळी बादली आहे, कडी तुटलेली. कारखान्यातून निघाले तेव्हा लखलखीत होते. वाटलं होतं, आपल्यात स्वच्छ पाणी भरतील, एखाद्या बाळाला अंघोळ घालतील. नशिबी आली पलंगाखालची जागा आणि अर्धशिशी!

या घरातली सून शिवणकाम करते. आधी महिन्यातून पाच-सहा वेळा तिचं अर्धं डोकं ठणकायचं. ठणकू लागलं की पडदे ओढले जातात, मशीन थांबतं आणि मला बाहेर काढतात. मग जे आंबट, चिकट माझ्यात पडतं, त्याचं वर्णन करत नाही. आठ वर्षं झाली, तरी मला शिसारी येते. लोक म्हणतात सवय होते. काही होत नाही!

पण त्याहून किळसवाणे असतात सल्ले. शेजारीण दारातूनच सांगते, "चष्मा बदल." दीर म्हणतो, "मोबाइल कमी बघ." आणि सगळ्यांचा लाडका सल्ला म्हणजे, पळणं सोड. सुनेला सकाळी मैदानावर पळायला फार आवडायचं. मशीनवर वाकलेली पाठ तिथंच सरळ होते, असं ती म्हणायची. पण पळण्यानंच दुखतं की काय, ही शंका तिलाही खात होती. सासूबाई तर ठाम होत्या. "एवढं ऊर फुटेस्तोवर पळायचं कशाला? वाघ लागलाय का मागे?"

नवऱ्यानं एक वही केली. ती पळून आली की तो तारीख टाकायचा आणि त्या दिवशी दुखलं का, ते पुढे लिहायचा. दोन महिन्यांत ती बारा वेळा पळाली, पाच वेळा दुखलं.

"बघ, पुरावाच आहे," तो म्हणाला. तिनं बूट माळ्यावर टाकले आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

पळणं बंद, म्हणून वहीही बंद! अरे शहाण्यांनो, पुढच्या महिन्यात मी सहा वेळा भरले, ते कुणी लिहायचं?

शेवटी तोंड उघडलं सासूबाईंनीच. मला धुताना नाक मुरडून त्या करवादल्या, "अगं, तुझं पळणं बंद झालं, पण माझं बादली घासणं कुठं बंद झालंय?"

सुनेनं बूट खाली काढले आणि रोजची वही सुरू केली. जेवण, झोप, पळणं, दुखणं, सगळं त्यात आलं. ती वही पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं दुखणं पळण्यामागे नाही, उपाशी पोटामागे लागलेलं दिसतंय. काहीतरी खाऊन पळा." खरंच होतं. न खाता पळाली की दुखायचं आणि घाईच्या कामात दुपारचं जेवण राहिलं की न पळताही दुखायचं.

आता ती पळते. मी अजूनही महिन्यातून दोनदा लागतेच, खोटं कशाला सांगू?

मित्रांनो, बादली वापरलीत तर लगेच धुवा, उन्हात ठेवा. आणि कुणाची आवड बंद पाडण्याआधी, ती बंद असतानाचे दिवसही मोजा. माझी घाण दोन मग पाण्यात जाते. तिचा महिना उगीच बुडवला, त्याची किळस काही जात नाही.