किनरी दमत नाही

किनरीला कुत्रंही विचारत नव्हतं, तेव्हापासून आम्ही तिला ओळखतो. हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडावर मारलंय की माझी मैत्रीण अदिबा मला त्यावरून चिडवते. चिडवू दे. खरं ते खरं.

किनरी म्हणजे गायिका, पण हाडामांसाची नव्हे. मुंबईतल्या एका कंपनीने बनवलेला कॉम्प्युटरचा आवाज आणि त्याला जोडलेलं एक चित्र: कांद्याच्या सालीच्या रंगाच्या दोन लांब वेण्या, अंगात पांढरा झब्बा. आपण शब्द टाइप करायचे, सूर माउसने ओढून दाखवायचे, की ती गाते. पण सुरुवातीला गाते ती बँकेच्या फोनवरची बाई बोलते तशी. तिला माणसात आणायचं तर एकेक अक्षर ओढावं लागतं, कुठे आवाज किंचित बसवावा लागतो, आणि श्वास तर आपल्याच पदरचे घालावे लागतात. पाच वर्षांपूर्वी हे उद्योग करणारे आम्ही महाराष्ट्रभरात साठ-सत्तर जण होतो. स्वतःला 'वेणीवाले' म्हणवून घ्यायचो आणि कुणी कुठला श्वास कुठे घातलाय यावरून तासन्‌तास भांडायचो.

माझं गाणं 'पाटी'. आम्ही नाशिकजवळच्या मखमलाबादचे, झेंडूवाले. माझी आई कलाबाई रोज सकाळी टेम्पोतून उतरून फुलांची वीसेक किलोची पाटी डोक्यावर घेते आणि बाजारात शिरते. पाटी उचलण्याआधी ती एक श्वास घेते. छोटा, खोल, मध्येच किंचित अडकणारा. लहानपणी तो ऐकला की मला कळायचं, निघाली आई. तीन वर्षांपूर्वी तिला न सांगता मी तो फोनवर रेकॉर्ड केला आणि 'उचल बाई, उजेड उचल' या ध्रुवपदाच्या बरोबर आधी बसवला. अर्ध्या सेकंदाचा तो श्वास, पण बसवायला आठवडा गेला. वेणीवाल्यांनी गाणं डोक्यावर घेतलं. आईला मात्र मी काहीच बोलले नाही. सांगणार काय, तुझा दम चोरला?

मागच्या वर्षी किनरी एका साबणाच्या जाहिरातीत आली आणि सगळा विचका झाला. गणपतीच्या मांडवात किनरी, वह्यांच्या कव्हरवर किनरी. कुणीतरी 'पाटी' शोधून काढलं आणि लोक त्यावर रील करायला लागले. माझ्या आईच्या श्वासावर श्वास घ्यायचा, दात दाखवायचे आणि गॅसचा सिलिंडर उचलायचा. एका बाईने तर नवरा उचलला.

माझा नुसता जळफळाट झाला. आनंदही झाला, नाही कसं म्हणू? रिक्षातून आपलं गाणं ऐकू आलं की पाय आपोआप थांबायचे. पण रिक्षा पुढे गेली की मनात यायचं, यांना काय कळतंय? यांच्यासाठी आम्ही डोळे फोडले का?

आणि मग किनरीचा कार्यक्रम नाशिकला ठरला. पेठ रोडच्या मैदानावर भला मोठा पडदा, दहा हजार माणसं. चाहत्यांनी केलेलं एक गाणं किनरी गाणार होती, आणि ते माझं होतं. कंपनीच्या संजना मॅडमचा फोन आला तेव्हा मी झेंडूच्या वाफ्यात उभी होते आणि तिथूनच हो म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांनी कार्यक्रमासाठी तयार केलेलं गाणं पाठवलं. ते ऐकायला मी जुन्या नाशकात अदिबाकडे गेले. तिच्या वडिलांचं रफूचं दुकान आहे, आता तीच बसते. तिच्या हातात कुणाची तरी शाल होती, एक इयरफोन तिच्या कानात आणि दुसरा माझ्या. ढोल जोरदार, व्हायोलिनं बावीस. ध्रुवपद आलं, आणि श्वास नव्हता. सूर सरळ सुराला चिकटवला होता.

मी तिथूनच फोन लावला.

"तो आवाज काढलाय आम्ही," संजना मॅडम म्हणाल्या. त्या वाईट बोलल्या नाहीत, समजावून सांगत होत्या. "कुणीतरी दमल्यासारखं वाटत होतं. किनरी दमत नाही ना, भाग्यश्री. तेच तर तिचं वैशिष्ट्य आहे."

"मग माझं गाणं तिला झेपायचं नाही," मी म्हणाले. "मागे घेते मी."

"उद्या दुपारपर्यंत सांगा. घाई करू नका."

फोन ठेवला तर अदिबा माझ्याकडे बघत होती. "येडी झालीस का? दहा हजार लोक यार!"

"श्वासाशिवाय ऐकणार ते. त्यापेक्षा नको ऐकू देत."

"आणि आपण सत्तर जणांनीच ऐकायचं? किनरी काय लोणच्याची बरणी आहे, फडक्याने बांधून ठेवायला?" तिने शालीतला दोरा दातांनी तोडला. "तुला श्वास गेल्याचं दुःख आहे की लोक आल्याचं? आधी ते ठरव."

मी चप्पल घालून चालती झाले. राग आला होता, कारण बोलली ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईबरोबर बाजारात गेले. मदत कमी आणि धुसफूस जास्त. टेम्पोपाशी साळूबाई होत्या, सत्तरीच्या. त्यांच्या पाटीत गुलाब. त्या कमरेत वाकल्या, दोन्ही हात पाटीला लावले आणि गुणगुणल्या. माझं ध्रुवपद. पण आधी थांबल्या, श्वास घेतला, छोटा, खोल, मध्ये अडकवलेला, आणि 'उचल बाई' म्हणत पाटी डोक्यावर. पलीकडच्या दोघींनी तसंच केलं. हसत हसत, सवयीने. रीलवाल्यांकडून शिकल्या होत्या, दुसरीकडून कुठून?

"लय कामाचं गाणं हाय," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "दम बरोबर जागेवर घेतलाय. ज्यानं केलं त्यानं कधी पाटी उचलली असंल."

"उचलली नसेल," मी म्हणाले. "नुसती बघितली असेल."

"तेबी चालतं," म्हणत तिने आपली पाटी उचलली.

मी तिथेच, फुलांच्या चिखलात उभं राहून संजना मॅडमना फोन केला. "गाणं देते. श्वास काढा, हरकत नाही. पण ती जागा भरू नका. ध्रुवपदाआधी एक मात्रा सगळं बंद. ढोल बंद, व्हायोलिन बंद, किनरीचं तोंड बंद."

"एवढी शांतता? लोकांना वाटेल साउंड गेला."

"नाही वाटणार. नाशिकच्या लोकांना मी ओळखते."

इतक्या ठामपणे मी आयुष्यात काही बोलले नव्हते. कालपर्यंत याच लोकांना शिव्या घालत होते, हे त्यांना कशाला सांगा!

कार्यक्रमाला आईला घेऊन गेले. नवी साडी, केसात आमचाच झेंडू. अदिबा मागच्या रांगेत होती. भांडण मिटलं नव्हतं, पण तिने आमच्यासाठी वडापाव आणले होते. साडेसातला पडद्यावर किनरी आली, वेण्या दोन मजले उंच. 'पाटी' सुरू झालं. कडवं संपलं. ढोल थांबला, व्हायोलिनं थांबली, किनरीने तोंड मिटलं.

पहिला श्वास माझ्या शेजारून आला. छोटा, खोल, मध्येच अडकणारा. आणि त्याच्या मागोमाग सगळं मैदान, दहा हजार माणसं एकदम. मग 'उचल बाई'.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. "आई," मी तिच्या कानाशी ओरडले, "तो श्वास तुझा आहे. मी तुला न विचारता घेतला होता."

"मला ठाव हाय," आई म्हणाली. "तोंडासमोर फोन धरून उभी होतीस, मी काय आंधळी हाय?"

"मग तीन वर्षं बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

दुसरं कडवं संपत आलं होतं. तिने माझा हात धरला. ढोल थांबला, आणि आम्ही दोघींनी मिळून श्वास घेतला. माझा जरा उशिरा आला.