इंजिन तापेपर्यंत

विलासराव पांढरीपांडे रोज सकाळी खाली उतरून आपली गाडी सुरू करत. कुठे जायचं नसे हो! निवृत्त माणूस सकाळी सकाळी जाणार कुठे? पण पंधरा वर्षांची ती मरून रंगाची डिझेल गाडी सुरू करायची, बॉनेटवर तळहात ठेवून उभं राहायचं, इंजिन चांगलं तापलं आणि घरघर एका लयीत आली की बंद करायची आणि मगच वर जाऊन चहा घ्यायचा, हा त्यांचा नेम. थंडीत तर जरा जास्तच वेळ. "यंत्राला रोज हात लागला पाहिजे, नाही तर ते रुसतं," असं ते म्हणत, आणि भोपाळच्या अयोध्या नगरातल्या त्या सोसायटीत त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. एक तर ते सोसायटीचे अध्यक्ष, त्यात पलीकडच्या कारखान्यात जन्म काढलेले इंजिनिअर.

बोलू शकत होता तो एकच माणूस, नरहर खानझोडे. दोघंही मूळचे नागपूरचे, एकाच वर्षी कारखान्यात लागलेले, एकाच स्कूटरवरून कामाला गेलेले. निवृत्त होताना फ्लॅटही एकाच इमारतीत घेतले. विलासरावांचा तिसऱ्या मजल्यावर, नरहरचा पहिल्या. आठवडी हाटाच्या दिवशी दोघं मिळून बिट्टन मार्केटला जात, पालक निवडता निवडता भांडत आणि भांडत भांडत घरी येत. भांडायला विषय कुठलाही चाले. मग नरहरने विजेची गाडी घेतली आणि बाकीचे सगळे विषय मागे पडले.

"मला एक सांग," नरहर म्हणे, "आयुष्यभर रेल्वेच्या इंजिनांसाठी विजेच्या मोटरी बनवल्यास. आता विजेची गाडी म्हटली की तुझ्या पोटात का दुखतं?"

"मोटर कळते म्हणूनच दुखतं. रेल्वेला डोक्यावर तार असते. तुझ्या खेळण्याला काय आहे? बॅटरी. ती मेली की गाडी भंगारात. माझं इंजिन बिघडलं तर मी उघडीन, दुरुस्त करीन. तू काय उघडशील?"

"बसून तर बघ एकदा."

"खेळण्यात मी नातवाबरोबर बसतो."

नरहर हसे आणि सोडून देई. एक गोष्ट मात्र तो सोडत नसे. "भाजीला माझ्या गाडीतून चल ना. तू म्हणशील तिथे मी सोडतो तुला. ती तुझी रोज कशाला तापवायची?" असं त्याने अनेकदा म्हटलं. विलासरावांना वाटे, नवी गाडी मिरवायची हौस आहे, झालं. एकदा ऐन थंडीत तर त्याने सरळच विचारलं, "विलास, एवढा वेळ तापवायला लागते का रे?" त्यावर विलासरावांनी त्याला तिथेच उभ्या उभ्या थंड इंजिनाची झीज आणि तेलाचा दाटपणा यावर व्याख्यान दिलं. नरहरने ते ऐकून घेतलं आणि जिना चढून गेला.

नरहरच्या बायकोचं, कांचनचं, माहेर भोपाळचंच, स्टेशनजवळच्या रेल्वे कॉलनीतलं. चौऱ्याऐंशीच्या त्या डिसेंबरात, गॅस सुटला त्या रात्री, ती तिथे होती. तेव्हापासून तिची छाती नाजूक. भोपाळमध्ये यापुढे काही सांगावं लागत नाही, आणि विलासरावांनाही कधी सांगावं लागलं नव्हतं. वहिनींना दमा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोनदा त्यांनीच तिला दवाखान्यात पोचवलं होतं, त्याच डिझेलच्या गाडीतून.

आता गाडी विजेची म्हटल्यावर ती चार्ज करायला खाली पॉइंट हवा. नरहर आपल्याच मीटरवरून, आपल्याच खर्चाने तार ओढून घेणार होता. हवी होती फक्त समितीची परवानगी. तोवर तो पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीतून जाडजूड केबल खाली सोडून भागवत होता, आणि ती लोंबती केबल विलासरावांच्या डोळ्यांत सलत होती.

डिसेंबरातल्या एका रविवारी गच्चीवर उन्हात सभा भरली. सेक्रेटरी तुषार, नुकताच नोकरीला लागलेला पोरगा, म्हणाला, "काका, परमिशन देऊन टाकू ना. आज नाही तो कल सगळ्यांनाच लगेगी." झालं! विलासराव उठले. इमारतीची जुनी वायरिंग, ट्रान्सफॉर्मरवरचा भार, आगीचा धोका, एकेक मुद्दा त्यांनी असा काढला की माना डोलायला लागल्या. नरहर उभा राहून म्हणाला, "नवी तार टाकू, वेगळा ब्रेकर लावू. तूच येऊन तपास की."

तेव्हा विलासराव हो म्हणू शकले असते. मनातून त्यांना कळतही होतं की नरहर बरोबर बोलतोय. पण समोर अख्खी सोसायटी बसलेली, गडी रंगात आलेला, आणि हट्टाला पेटलेला माणूस कुठे थांबतो?

"और ये जो कहते हैं ना, कि धुआँ नहीं होता!" ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "बिजली आती कहाँ से है? कोयले से. मतलब अपना धुआँ दूसरे के दरवाज़े पर छोड़ आओ, और खुद साफ़-सुथरे बनकर घूमो!"

लोक हसले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. नरहरचा चेहरा मात्र एकदम बदलला. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शेजारी बसलेल्या कांचनकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली, नको म्हणून. नरहर खाली बसला. विलासरावांना वाटलं, याच्याकडे उत्तर नाही. परवानगी नाकारली गेली आणि ते खुशीत खाली उतरले.

जानेवारीत नरहरने नेहरू नगरात तळमजल्यावरचं एक घर भाड्याने घेतलं.

"एका गाडीसाठी घर सोडतोस?" विलासरावांनी विचारलं.

"गाडीसाठीच सोडतोय असं समज," नरहर म्हणाला.

विलासरावांचा असा संताप झाला की सामान हलवण्याच्या दिवशी ते मुद्दाम उशिरा खाली उतरले, ट्रक निघता निघता. आतून म्हणाल तर त्यांना रडू येत होतं. पण तसं दाखवतील तर ते पांढरीपांडे कसले? फ्लॅट विकायचा होता. नरहरने किल्ली त्यांच्याच हातात दिली आणि म्हणाला, "गिऱ्हाईक आलं तर दाखव. तुझ्याइतकं हे घर दुसऱ्या कुणाला माहीत आहे?"

फेब्रुवारीत एक तरुण जोडपं घर बघायला आलं, ऑफिसच्या आधी, सकाळीच. विलासराव किल्ली घेऊन निघाले आणि जाता जाता बायकोला म्हणाले, "अलका, मी येईपर्यंत तेवढी गाडी सुरू करून ठेव."

"हो, त्याशिवाय तुमचा दिवस कसा उजाडायचा," म्हणत अलकाताई चावी घेऊन खाली गेल्या.

विलासरावांनी बाहेरची खोली दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं, पाण्याची कशी चंगळ आहे तेही सांगितलं. मग आतली खोली उघडली. या खोलीत ते कधी आले नव्हते. परक्याच्या झोपायच्या खोलीत कोण जातं? समोरच्या सरकत्या खिडकीच्या फटीफटीत कुणीतरी फोमच्या पट्ट्या ठासून बसवल्या होत्या. त्यावरून तपकिरी चिकटपट्टी, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. खालच्या कट्ट्यावर घडी घातलेला एक टॉवेल तसाच राहून गेला होता, वाळून कडक झालेला.

"ठंड के लिए होगा," विलासराव म्हणाले. तेवढ्यात खाली अलकाताईंनी चावी फिरवली.

इतकी वर्षं तो आवाज त्यांनी गाडीशेजारी उभं राहून ऐकला होता. वरून कधी ऐकला नव्हता. काच थरथरायला लागली. मग वास आला. खिडकी बंद, पट्ट्या लावलेल्या, तरी डिझेलचा तो उग्र वास खोलीत शिरला आणि तिथेच मुरून राहिला. तरुणीने ओढणी नाकाला लावली. "ये रोज़ होता है क्या, अंकल?"

विलासरावांनी टॉवेल उचलला. खालच्या बाजूला खिडकीच्या फटीएवढी एक सरळ काळी रेघ होती. बोट फिरवलं तर बोट काळं झालं. ती काजळी कसली, हे त्यांना नाही कळणार तर कुणाला कळणार? आपला धूर दुसऱ्याच्या दारात. अख्ख्या सोसायटीपुढे कोण बोललं होतं हे? आणि कुणाला उद्देशून?

"नहीं," ते कसेबसे म्हणाले. "अब नहीं होगा."

जोडप्याला तिथेच सोडून ते धडधडत जिना उतरले. "बंद कर! बंद कर ती आधी!"

अलकाताईंनी गाडी बंद केली. त्यांच्या हातातला टॉवेल पाहिला आणि काय झालं ते त्या समजल्या.

"तुला माहीत होतं?"

"मी सांगितलं होतं तुम्हाला. गेल्याच्या गेल्या थंडीत. तुम्ही म्हणालात, डिझेल आहे, अत्तर नाही." अलकाताईंनी चावी काढून घेतली. "मग कांचननेच मला शपथ घातली. म्हणाली, भाऊजींचा तेवढाच जीव रमतो सकाळी. मी खिडकी लावून घेईन."

ते वाक्य विलासरावांना आठवलं. आपण ते बोललो होतो आणि वर स्वतःच हसलोही होतो, हेही आठवलं. शरमेने त्यांना वर बघवेना.

अजून काही बिघडलं नव्हतं. फ्लॅट विकला गेला नव्हता. 'नरहर, विकू नकोस, परत ये, पॉइंट मी माझ्या हाताने बसवतो,' एवढंच तर बोलायचं होतं. विलासरावांनी फोन हातात घेतला. पण सुरुवात कशी करायची? चुकलो म्हणायची जिभेला सवय नव्हती. त्यांनी ठरवलं, उद्या करू. उद्याचं परवा झालं, परवाचं तेरवा, आणि एक दिवस तुषारने जिन्यात सांगितलं, "काका, खानझोडे अंकलचं घर गेलं. तुम्ही दाखवलं ना, त्याच लोकांनी घेतलं."

मार्चच्या सभेत चार्जिंग पॉइंटचा ठराव विलासरावांनी स्वतः मांडला. चहा येण्याआधीच तो मंजूर झाला. विरोध कुणीच केला नाही. विरोध करणारे तेच तर एकटे होते.

त्यानंतर ते नेहरू नगरला गेले, बसने. त्या सकाळनंतर त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. दार कांचनने उघडलं.

"अगंबाई, भाऊजी! गाडीचा आवाज कसा नाही आला?"

घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, पडदे उडत होते. कांचनचा चेहरा कधी नव्हे तो टवटवीत दिसत होता. तिने चहा केला, पोहे केले, अलका कशी आहे विचारलं. बोलता बोलता बाहेर गल्लीत कुणाची तरी व्हॅन सुरू झाली. कांचन वाक्य अर्धवट टाकून उठली, खिडकी ओढून घेतली, परत येऊन बसली आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं. आपण उठलो हे तिच्या लक्षातही आलं नसावं. विलासरावांनी कप खाली ठेवला.

"वहिनी, मला सांगायचं होतंत."

ती समजली. "सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलंही असतं, भाऊजी. पण मग तुम्ही गाडीपाशी चोरासारखे उभे राहिला असतात. ते मला बघवलं नसतं."

"मी सांगणार होतो," नरहर म्हणाला. "त्या दिवशी, गच्चीवर. हिने अडवलं."

"मग बोलायचं होतंस रे! सगळ्यांसमोर माझं थोबाड फोडायचं होतंस!"

"आणि मग रोज कुठल्या तोंडाने भेटलो असतो आपण?"

"परत या म्हणायला आलो होतो," विलासराव म्हणाले. "पॉइंट मंजूर झालाय."

"आता कुठे येऊ? घर तर तूच दाखवलंस त्यांना," नरहर म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

परत जाताना नरहरने त्यांना बस घेऊ दिली नाही. विलासराव पहिल्यांदा त्या गाडीत बसले. ती कधी सुरू झाली तेच कळलं नाही. वेग वाढला तशी एक बारीक गुणगुण कानावर आली आणि विलासराव सावरून बसले. जन्मभर कारखान्यात तपासणीला लावलेल्या मोटरींची तीच गुणगुण त्यांनी ऐकली होती.

"मोटर गोड आहे रे."

"तुला आवडणार हे मला माहीत होतं. म्हणून तर म्हणायचो, बस एकदा."

नरहरने वाट वाकडी करून गाडी बिट्टन मार्केटवरून घेतली. हाट भरला होता. दोघांनी उतरून पालक घेतला, समोर आली ती जुडी उचलली. भाजीवालीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "क्या हुआ बाबूजी, आज झगड़ा नहीं?"

सोसायटीच्या गेटात विलासराव उतरले. सवयीने गाडीच्या जागेकडे चालत गेले आणि त्यांनी वर पाहिलं. पहिल्या मजल्यावरची ती खिडकी सताड उघडी होती. नव्या माणसांनी कट्ट्यावर उशा उन्हात टाकल्या होत्या. रोज सकाळी ते याच खिडकीखाली उभे राहत. ती कधीच उघडी नसते, हे एवढ्या वर्षांत एकदाही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"नरहर, ती बघ..." म्हणत ते मागे वळले.

मागे कुणी नव्हतं. आवाज नाही, धूर नाही, गाडी कधी निघून गेली ते त्यांना कळलंच नव्हतं. विलासराव पालकाची जुडी हातात धरून आपल्या रोजच्या जागी उभे राहिले.