प्रोफाइल कोण भरत आहे?

"काका, हे तुम्हीच वाचा." उर्वीनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "माझी सगळी शाळा हिंदीतून झाली. अक्षरं लागतात, पण तुमची मराठी जड आहे."

मारुती जगदाळ्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि हातातच ठेवला.

देवासच्या सायबर सेलची ती लहान खोली. उर्वी मूळची धारची, इथे सब-इन्स्पेक्टर. टोंकखुर्द रस्त्यावरच्या एका खासगी कॉलेजातून परीक्षेचा पेपर आदल्या दुपारीच बाहेर गेला होता. ऑफिसातल्या तीन कॉम्प्युटरपैकी एकावरून, इंटरनेटवरूनच गेला, एवढं कळलं होतं. दोन मशीनची हिस्टरी जागेवर होती. तिसऱ्याची पुसलेली. ते मशीन ऑफिसातले क्लार्क जगदाळे बाबूजींचं. कॉलेजनं त्यांना निलंबित केलं आणि पोलिसांत त्यांचंच नाव दिलं.

हवालदार तरुणचं मत केव्हाच बनलं होतं. "मॅडम, जो मिटाता है, वही छुपाता है."

जगदाळे विचारेल त्याला एवढंच सांगत, वैयक्तिक काम होतं.

उर्वीनं मूळ डिस्क सील केली, तिची हुबेहूब प्रत काढली आणि त्या प्रतीत शोधलं. हिस्टरी पुसली की अनुक्रमणिका तेवढी फाटते. पानं तशीच पडून असतात, त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. शिवाय त्या कॉलेजात वीज रोज जायची. अचानक बंद पडलो तर अर्धवट काम परत दाखवता यावं, म्हणून ब्राउझर आपल्यापुरतं थोडं जपून ठेवतो. तेच सापडलं होतं, तुकड्यातुकड्यांनी.

*…वळणाची, शांत. सालस. स्वयंपाक उत्तम*

*…सालस. स्वयंपाक बरा. चहा उत्तम करते. शिक्षण बी.एस्सी., माहेर कन्नौ*

*…शांत नाही. पण बोलते ते खरं असतं. आमचा मुलगा गेल्याव*

"सालस म्हणजे?" उर्वीनं विचारलं.

"म्हणजे… मनात वाकडं काही नाही."

मग त्यांनी चष्मा लावला आणि वाचत गेले. लग्न जुळवणाऱ्या साइटवरचा फॉर्म होता. नाव रुची. जगदाळ्यांची सून. मुलगा मयुरेश सोनकच्छजवळ अपघातात गेला, तेव्हापासून घरात तिघंच. ते, त्यांची बायको माई आणि रुची. घरातला मोबाईल माईच्या हातात असायचा, म्हणून हे काम ते ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत करत. त्यांच्या खुर्चीवर संध्याकाळी दुसरा बाबू बसे, म्हणून निघताना पुसून टाकत.

फॉर्म त्यांनी पाठवला कधीच नव्हता. शेवटच्या प्रश्नाशी अडकायचे. प्रोफाइल कोण भरत आहे? स्वतः, आई, वडील, भाऊ किंवा बहीण, मित्र. सासऱ्याला जागा नव्हती. सगळ्या तुकड्यांत तो चौकोन रिकामा होता. एका पानावर मात्र 'वडील' निवडलेलं होतं. ती पेपर गेला तीच दुपार होती.

"मग पाठवलं का नाही?"

"खोटं लिहिल्यासारखं वाटलं."

उर्वीनं खुर्ची जवळ ओढली आणि समजावून सांगितलं. पेपर गेला तेव्हा या मशीनवर हे चालू होतं, पेपर पाठवल्याची इथे खूणही नाही. बाकी दोन मशीन ती आता खोलात तपासणार होती. हे पान रिपोर्टला लागलं की काका सुटले. पण रिपोर्ट कॉलेजच्या समितीसमोर वाचला जाणार.

समितीत माईचा चुलतभाऊ होता.

"मग राहू द्या, मॅडम. काही सापडलं नाही, असं लिहा."

"सापडलेलं सापडलं नाही, असं मी नाही लिहू शकत. आणि लिहिलं तर नोकरी जाईल तुमची. वर केस."

"माई तिच्याशिवाय ताटावर बसत नाही," जगदाळे म्हणाले. "तिला कळेल की मी पोरीला घरातून घालवायला निघालो होतो. आणि कळेल कुणाकडून, तर भावाकडून."

उर्वीनं स्क्रीनवरच्या नावावर बोट ठेवलं. "आणि रुचीला? नाव तिचं, फोटो तिचा. तिला विचारलं होतं?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"तिला बोलवा, काका."

रुची शिकवायची ती शाळा सुटल्यावर स्कूटीवरून थेट आली. हेल्मेट काखेत धरून तिनं उभ्यानंच वाचलं, ओठ हलवत, सावकाश. मग फोटो. लग्नातला होता, कडेनं कापलेला. कापताना तिच्या खांद्यावरची चार बोटं तशीच राहून गेली होती. तिथे ती बराच वेळ थांबली.

"चहा उत्तम?" ती म्हणाली. "बापू, अर्धा कप तर तुम्ही रोज तुळशीत ओतता."

जगदाळे खाली बघत होते.

"मला विचारायचं नाही?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. मग परत विचारायचं."

उंची चुकली होती. ती दुरुस्त करायला तिचा हात माऊसकडे गेला, तसं उर्वीनं मनगट धरलं. यातलं आता काही बदलता येणार नाही, असं सांगितलं.

"मग असंच लावा. नावासकट." रुचीनं हेल्मेट दुसऱ्या काखेत घेतलं. "माईंना मी आजच सांगते. समितीतले मामा पोचायच्या आत."

उर्वीनं दोघांच्या सह्या घेतल्या. तरुणनं जगदाळ्यांसाठी दार उघडून धरलं.

परत जाताना जगदाळे रुचीच्या मागे स्कूटीवर बसले. बस स्टँडच्या अलीकडे तिनं स्कूटी थांबवली. पेट्रोल संपलं असेल, असं जगदाळ्यांना वाटलं. समोर फोटो स्टुडिओ होता.

"तो फोटो नाही चालणार," ती म्हणाली आणि हेल्मेट त्यांच्या हातात देऊन आत गेली.

ते बाकावर बसले. आतून फोटोग्राफरनं पासपोर्ट साइज का, म्हणून विचारलं. नाही, पूर्ण, असं तिचं उत्तर ऐकू आलं. मग पडदा बाजूला सारून फोटोग्राफर डोकावला.

"बाबूजी, बाहर क्यूं बैठे हो भिया? आ जाओ, साथ में खींच देता हूं."

"नहीं भिया," जगदाळे म्हणाले. "इनका अकेले का."

पडदा परत पडला. त्याच्या खालून उजेड एकदा फरशीवर आला आणि गेला. आत तिनं काहीतरी विचारलं, बहुतेक अजून एक काढा म्हणून. जगदाळे हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिले.