लाल रेघ

कमळाकरने मान न वळवता मागे हात केला आणि चंद्रावतीने न विचारता नेलपॉलिशची बाटली त्याच्या तळहातावर ठेवली.

समोर स्टँडवर समीक्षाची तीनशे सीसीची गाडी उभी होती. आरसे काढलेले, इंडिकेटर काढलेले, मागची नंबरप्लेट काढलेली, पुढच्या दिव्यावर चिकटपट्टी. चंद्रावतीला ती जावळ काढलेल्या पोरासारखी बोडकी दिसत होती, आणि तिने तसं बोलूनही दाखवलं होतं. कमळाकरने पुढच्या ब्रेकचा बोल्ट पान्याने आवळला, मनगटाने एकदा दाबून बघितला, आणि बाटलीतला ब्रश टेकवून बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत एक सरळ लाल रेघ ओढली.

"ही कशाला, काका?" समीक्षाने विचारलं.

"बोल्ट हालला तर रेघ तुटंल. लांबून दिसंल."

"आणि नाही तुटली तर?"

"तर माझा शब्द हाय समज."

झालं, एवढंच. कमळाकर घरत बोलायला बसला तर वर्षाला चार पानं भरतील की नाही शंकाच होती. रोडपालीतल्या त्याच्या गाळ्यावर ना धड पाटी होती ना रंग, पण कळंबोलीपासून उलव्यापर्यंत कुणाच्या गाडीचा ब्रेक कुरकुरला की लोक म्हणायचे, घरतकाकांकडे टाक. चौतीस वर्षं त्या माणसाने लोकांची चाकं आवळली आणि एकाचंही चाक रस्त्यात निखळलं नाही. हे चंद्रावती स्वतःच्या तोंडाने त्याला कधी सांगणार नव्हती. शेजारपाजारी मात्र ती ते इतक्या वेळा सांगून चुकली होती की बायका तिला बघून विषय बदलायच्या.

त्या नेलपॉलिशचीही गंमतच. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला कमळाकरने पनवेलच्या बाजारातून तिला लाल बाटली आणली होती. चंद्रावतीचे हात तेव्हा सकाळी चिखलात आणि दुपारी चुलीत. नखांना लाली लावून भात लावायला गेली असती तर सासूने तिला बांधावरच ओवाळलं असतं. बाटली फळीवर पडून राहिली. चार महिन्यांनी कमळाकरने ती मागितली, गाळ्यात खुणेला रंग नाही म्हणाला, आणि ती जी गेली ती गेलीच. तेव्हापासून दर गणपतीला बाटली यायची, गौरी उठल्या की गाळ्यात जायची. चंद्रावती दरसाल भांडायची. माझ्या नखांपेक्षा लोकांच्या नटांनाच जास्त नटवलंत, हे तिचं ठरलेलं वाक्य होतं आणि तो दरसाल त्यावर ठरलेलं हसायचा.

समीक्षा भोईर सहा महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये ही लांबलचक यादी होती. उलव्याची पोर, तळोज्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी, आणि डोक्यात एकच खूळ. गाडी ट्रॅकवर पळवायची, ते वळणावर गुडघा जमिनीला टेकवून पळवतात ना, तशी. यादीत सगळ्यात वर होता मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. कमळाकरने यादी शांतपणे वाचली, मोबाइल परत दिला आणि म्हणाला, "आधी थांबायचं शीक. पळायचं मंग बघू."

मग सहा महिने तो गाडीला थांबायला शिकवत होता. ब्रेकच्या रबरी नळ्या जाऊन स्टीलच्या जाळीच्या आल्या. टायर बदलले. हे नवे टायर इतके मऊ, की चंद्रावतीने नख रुतवून बघितलं. पुढच्या शॉकअपमध्ये जाड ऑइल पडलं, कारण ब्रेक दाबला की गाडीने नाक खाली घालता कामा नये. पाय ठेवायचे दांडे वर आणि मागे सरकले. इंजिन ऑइलच्या बोल्टाला भोक पाडून त्यातून बारीक तार ओवली गेली, म्हणजे तो सुटला तरी पडणार नाही. रेडिएटरमधलं हिरवं कूलंट काढून साधं पाणी भरलं, ते सांडलं तर मागून येणारा घसरायला नको म्हणून. हे ऐकून चंद्रावतीला फार बरं वाटलं. आपल्याला न दिसणाऱ्या, मागून येणाऱ्या माणसाचीही या खेळात काळजी घेतात, हे तिला पटलं. सायलेन्सर तोच राहिला. समीक्षाने त्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

पण त्या शनिवारी दुपारी डबा घेऊन आलेल्या चंद्रावतीचं लक्ष गाडीवर नव्हतंच. ती नवऱ्याच्या अंगठ्याकडे बघत होती.

दिवाळीपासून तिला ठाऊक होतं. कमळाकरला साखर होती, दहा वर्षं जुनी, आणि आता ती बोटांत उतरली होती. त्याच्या हातून पेला निसटायचा. शर्टाचं बटण लावताना तो खाली बघून लावायचा. एकदा त्याने चुलीवरची कढई फडक्याशिवाय उतरवली आणि सावकाश खाली ठेवली, तेव्हा हिनेच त्याचा हात ओढून पाण्यात घातला होता. विचारलं तर म्हणाला, बोटं झोपल्यात जरा, उठतील. आणि याच बोटांवर तर सगळं चाललं होतं. किती आवळलं की टक् असं वाजून सांगणारा पाना बाजारात मिळतो, तो घ्या म्हणून लोक कितीदा सांगून गेले. कमळाकरने घेतला नाही. आपल्या मनगटात तो आधीपासून हाय, असं म्हणायचा, आणि चौतीस वर्षं ते खरंही होतं.

आता त्याच मनगटाच्या भरवशावर उद्या एक चोवीस वर्षांची पोर ताशी दीडशेने वळणात शिरणार होती.

चंद्रावतीला बोलायचं होतं. शब्द तोंडात तयार होते. पण समीक्षा समोर, आणि हा माणूस गुडघ्यावर बसून रेघा ओढतोय, सगळ्या कशा फुटपट्टीने मारल्यासारख्या. त्याला पोरीदेखत काय सांगायचं, की तुमचा हात गेलाय म्हणून? समीक्षा निघताना सहज म्हणाली, काकी, तुम्ही पण चला ना उद्या. आणि चंद्रावती लगेच हो म्हणाली. कमळाकर चकितच झाला. चौतीस वर्षांत ती गाळ्याच्या पुढे कधी आली नव्हती.

रविवारी सकाळी टेम्पोत गाडी बांधून तिघं घाट चढले. ट्रॅक म्हणजे माळावर अंथरलेला डांबराचा वळणदार पट्टा, भोवती जुन्या टायरांच्या राशी, आणि पत्र्याच्या शेडखाली वीसेक गाड्या. नवशिक्यांना दिवसभरात तीन फेऱ्या होत्या, प्रत्येकी पंधरा मिनिटांच्या. या पंचेचाळीस मिनिटांसाठी समीक्षाने सहा महिने वाट बघितली होती.

आधी तपासणी. कागद घेतलेला एक तरुण प्रत्येक गाडीपाशी वाकत होता, चाकं हलवत होता, कुणाला टेप लाव, कुणाला तार लाव म्हणून परत पाठवत होता. समीक्षाच्या गाडीपाशी आला आणि थांबला. तार बघितली, रेघा बघितल्या, एकेकीवर बोट ठेवत गेला. मग उठून त्याने विचारलं, हे कुणी केलं? समीक्षाने कमळाकरकडे बोट दाखवलं. सकाळपासून इतकं नीटस काम बघितलं नाही, असं तो म्हणाला आणि गाडीवर पास झाल्याचं हिरवं स्टिकर लावून पुढे गेला. चंद्रावतीचा ऊर भरून आला. आणि त्याच वेळी तिला जास्तच भीती वाटली.

समीक्षा चामड्याचा सूट चढवून रांगेत गेली. पाच मिनिटं होती. चंद्रावतीने थर्मास उघडून स्टीलच्या पेल्यात चहा ओतला. पेला असा तापला की तिने पदरात धरला. तो तिने कमळाकरपुढे केला. त्याने गाडीवरची नजर न काढता पेला घेतला, चारही बोटं आणि अंगठा आवळून, आणि तसाच धरून उभा राहिला.

चंद्रावती मनात मोजत होती. दहा झाले, वीस झाले.

"अवो," ती हळूच म्हणाली, "चटका नाय लागला?"

कमळाकरने तिच्याकडे बघितलं, मग पेल्याकडे. पेला खाली ठेवून त्याने हात उलटा केला. अंगठा लालबुंद झाला होता. तो त्या अंगठ्याकडे बघत राहिला, मग रांगेतल्या गाडीकडे, आणि मग जो माणूस कधी पाण्याच्या टँकरमागेही पळाला नव्हता तो पळत सुटला.

रांग सुटायला एक मिनिट होतं. कमळाकर गाडीच्या पुढच्या चाकासमोर जाऊन उभा राहिला.

"समीक्षा, उतर."

"काका, आता? सोडतायत ओ."

"उतर. हा बोल्ट मी आवळलाय का नुसता रंगवलाय, ते मना सांगता येत नाय. माझ्या हाताला कळेनासं झालंय."

आजूबाजूची पोरं वळून बघायला लागली. तपासणीवाला तरुण धावत आला. काका, मी बघितलीय गाडी, पास केलीय, असं तो समजावू लागला.

"तुमी रेघ बघून पास केली," कमळाकर म्हणाला. "रेघ मीच ओढलीय."

भरल्या मैदानात, विशीतल्या पोरांसमोर, चौतीस वर्षांची पुण्याई त्या माणसाने चार शब्दांत खाली ठेवली, आणि आवाज जराही चढला नाही. चंद्रावती थर्मास छातीशी धरून उभी होती. हे आपण काल बोलायला हवं होतं, असं तिला वाटलं. मग वाटलं, बरं झालं नाही बोललो. आपण सांगून त्याने ऐकणं वेगळं आणि हे वेगळं.

रांग सुटली. वीस गाड्या निघून गेल्या, समीक्षाची तेवढी राहिली. शेजारच्या कुणीतरी टक् वाजणारा पाना आणून दिला. कमळाकरने तो स्वतः घेतला नाही, समीक्षाच्या हातात दिला. तो आकडा सांगायचा, ती पाना लावून ओढायची. मागचं चाक, टक्. पुढचा आस, टक्. हँडल, टक्, टक्. सगळे बोल्ट आधीच पुरते आवळलेले, पाना लावताक्षणी वाजत होते. समीक्षाच्या चेहऱ्यावर फेरी बुडाल्याची कुरकुर दिसायला लागली होती, आणि तिची तरी काय चूक.

पुढच्या ब्रेकचा खालचा बोल्ट राहिला होता. तिने पाना लावला, ओढला. वाजला नाही. आणखी ओढला. बोल्ट पाव फेरा फिरला, मग अर्धा. लाल रेघेचा वरचा तुकडा खालच्यापासून हळूहळू दूर जात राहिला. मग कुठे टक् झालं.

समीक्षाने पाना खाली ठेवला आणि ती तिथेच मातीत बसली.

कमळाकरने खिशातलं फडकं पेट्रोलात भिजवून गाडीवरच्या सगळ्या रेघा पुसल्या. अगदी एकूण एक, बरोबर होत्या त्याही. मग बाटली समीक्षापुढे धरली.

"आता तू ओढ."

तिने ब्रश टेकवला. रेघा वाकड्या आल्या, एक तर नुसता ठिपकाच पडला.

"चालंल," तो म्हणाला. "तुझी हाय. तुला वळखता येईल."

दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत समीक्षा पळाली. चंद्रावतीने जाळीला धरून बघितलं. पोर वळणावर गाडी इतकी आडवी घालायची की हिच्या तोंडून देवाचं नाव निघायचं, आणि पुन्हा सरळ होऊन ती पुढे निघून गेलेली असायची. कमळाकर डोळे मिटून उभा होता. गाडी कुठे ब्रेक धरते आणि कुठे सोडते, ते तो कानांनी बघत होता. कान अजून शाबूत होते. फेरी संपवून समीक्षा आली, हेल्मेट काढायच्या आधी पुढच्या चाकाशी वाकली, आणि आपली वाकडी रेघ जशीच्या तशी आहे हे तिने दोनदा बघितलं. मग पुढच्या महिन्यात पण तुम्ही याच, असं तिने काकांना बजावलं.

"येईन की. आवळायचं तू. मी आयकीन."

उतरताना घाटात चंद्रावतीने टेम्पोच्या खिडकीबाहेर बघत सांगून टाकलं, "मना ठाव होतं. दिवाळीपासून."

"मना बी," कमळाकर म्हणाला.



घरी पोचेस्तोवर ऊन कलायला आलं होतं. कमळाकरने साबणाने हात धुतले, अंगठ्याला खोबरेल लावलं, आणि खिशातून बाटली काढून आरशाजवळच्या फळीवर, तिच्या टिकल्यांच्या पाकिटाशेजारी ठेवली.

"ऱ्हाऊ दे आता घरात."

चौतीस वर्षं ती याच बाटलीवरून भांडली होती. आता मिळाली तर तिला रडू फुटलं. तिने ते गिळलं, बाटली उचलली, त्याच्यासमोर पाटावर बसली आणि डावा हात पुढे केला.

"मना नाय येत लावाया. तुमीच लावा."

कमळाकरने ब्रश घेतला. बोटांना कळत नव्हतं, म्हणून तो डोळे बारीक करून, वाकून, एकेका नखावर सावकाश रंग लावत गेला. चार नखं अगदी नीट झाली. अंगठ्यावर रंग नखाबाहेर कातडीवर गेला. तो पुसायला त्याने फडकं उचललं, तेव्हा चंद्रावतीने हात मागे घेतला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि लाली वाळेपर्यंत तशीच बसून राहिली.