तांबड्या अक्षरांतल्या तीन तारखा

मी एक जुनी तांबडी पेन्सिल आहे. आता जेमतेम बोटभर उरले आहे, पण माझा राग तसूभरही झिजलेला नाही.

मित्रांनो, जर्मनीत बॉनमधल्या आमच्या मंत्रालयात कागदांवर शेरे लिहायला प्रत्येक हुद्द्याचा रंग ठरलेला होता. मंत्र्यांचा हिरवा, सचिवांचा तांबडा, खालच्यांचा निळा आणि तपकिरी. ब्रेनेकेसाहेब तपकिरीपासून सुरुवात करून बावीस वर्षांनी तांबड्यावर पोहोचले, त्या दिवशी मी त्यांच्या हाती आले. मी अगदी फुशारून गेले होते. मंत्री आले नि गेले, साहेब जागचे हलले नाहीत. माझा शेरा उमटला की अख्खं खातं गप्प बसे.

एका डिसेंबरात अभियंता आशोफबाई कागद घेऊन आल्या.

"साहेब, एलरफेल्डचा बांध पाझरतोय. राखणदार हाइन रोज फोन करतो. खालची घरं रिकामी करायला हवीत."

"अहो बाई, मंत्री निवडणुकीत गुंतलेत. आणि बांधाला काय पाय फुटलेत पळून जायला?"

साहेब 'नाही' म्हणाले नाहीत. ते कधीच 'नाही' म्हणत नसत, म्हणून तर इतके वर चढले. त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, 'पुन्हा सादर करा, १० जानेवारी.' जानेवारीत लिहिलं, '१० फेब्रुवारी.' फेब्रुवारीत लिहिलं, '१० मार्च.' तांबड्या शेऱ्यापुढे खालच्या कुणालाच काही करता येत नसे.

"मग हाइनला काय सांगू?" बाईंचा आवाज चढला होता.

"सांगा, विचार चालू आहे."

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बांध फुटला. हाइन दारं बडवत, शिव्या देत लोकांना बाहेर काढत राहिला. लोक वाचले. हाइन वाचला नाही.

चौकशीत साहेब शांतपणे म्हणाले, "असा कागद माझ्यापर्यंत आलाच नाही."

आशोफबाईंनी तो कागद टेबलावर आपटला. "मग सांगा ना साहेब, या इमारतीत तांबड्यानं दुसरं कोण लिहितं?"

साहेबांचा हात कोटाच्या खिशावर गेला. तिथे मी होते.

शिक्षा काय झाली म्हणाल, तर पुष्पगुच्छ देऊन त्यांना लवकर निवृत्त केलं. आता ते घरी बसून माझ्यानं शब्दकोडी सोडवतात. मला भयंकर चीड येते.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. खुशाल मोडून टाका. पण उद्या तुमच्या हाती असा रंग आला आणि समोरचं माणूस जीव तोडून काही सांगत असलं, तर 'हो' म्हणा किंवा 'नाही' म्हणा. नुसती पुढची तारीख टाकू नका. हाइनला दहा मार्च दिसला नाही.