चिनी महाराजांचे दोन नाग

मंठ्याच्या बाजारामागच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी चपला रस्त्यापर्यंत आल्या होत्या. आत व्यासपीठावर राधेश्याम महाराज बसले होते. पूर्वी ते नवीन जालन्यात मोबाइलची कव्हरं विकायचे. मधे काही दिवस गायब झाले आणि परतले ते थेट चीनच्या डोंगरातून सिद्धी घेऊन. पुढ्यात लाल कापड घातलेला लॅपटॉप, शेजारी दुकानात बिल काढतात तसलं छोटं यंत्र. आपण जन्मसाल सांगायचं, महाराज डोळे मिटून बोटं चालवायचे, की चिनी अक्षरांची पट्टी सरसर बाहेर यायची.

"कोणता बी आकडा घाला," महाराज सांगत होते. "यंत्र खोटं निघालं तर आजच दुकान बंद करतो. म्हंजे, गादी."

पट्टीत एक ठरावीक अक्षर आलं की गर्दी चिडीचूप व्हायची. वर फणा, मधे ठिपके, खाली शेपूट. हा नाग. एक नाग म्हणजे अडचण, दोन नाग म्हणजे सासरचा नाश. आणि नवल असं, की तालुक्यातल्या लग्नाच्या जवळजवळ प्रत्येक पोरीला दोन नाग निघत होते, नवरदेवांच्या पट्ट्या मात्र धुतल्या तांदळासारख्या. पोरींनाच दोष निघाला याचं मला आश्चर्य वाटलं नाही, ते आपल्याकडे चीनची मदत न घेताही निघतात. पण इतक्या बिनचूकपणे कसे निघतात, हे काही डोक्यात शिरेना.

मी तिथं गेलो होतो तो भाचीसाठी. मामा असल्यामुळे लग्न मोडलं तर पहिली बोलणी मलाच बसणार. दैवशालाची सोयरीक आष्टीच्या केशवशी ठरली होती. केशवच्या आईनं, गिरिजाबाईंनी, दोघांच्या पट्ट्या काढल्या. केशव अठ्ठ्याण्णवचा, तो स्वच्छ. दैवशाला दोन हजार तीनची, तिला दोन नाग. महाराजांनी नागशांती सांगितली, दक्षिणा एक हजार एक. दैवशालानं साफ नकार दिला.

"दक्षिणेचं न्हाई, मामा," ती मला म्हणाली होती. "शांती केली म्हंजे माझ्यात खोट हाय असं मीच कबूल केलं. जल्मभर ऐकावं लागल."

गिरिजाबाईंचं म्हणणं, शांती नाही तर लग्न नाही. केशव मधे बसून मोबाइल बघत होता. मला त्याचा फार राग आला होता.

माझी मुलगी गंधाली जालन्यात एका बियाणे कंपनीत संगणकाचं काम करते. मी तिला ती पट्टी दाखवली. तिनं पाहिली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. "आप्पा, या नागानं मला महिनाभर छळलंय," एवढंच म्हणाली आणि गिरिजाबाई, केशव, दैवशाला, आम्हा सगळ्यांना घेऊन मंठ्याला आली.

रांगेत आमची पाळी आली. गंधालीनं वाकून नमस्कार केला. "महाराज, कोणताही आकडा चालतो ना? मंग एकशे अकरा घाला."

पट्टी आली. नाग नाही.

"एकशे एक."

एक नाग.

गंधाली गिरिजाबाईंकडं वळली. "मावशी, आता शंभर घालायला सांगते. तुम्हीच सांगा, किती नाग निघतील?"

गिरिजाबाईंनी हवेत बोटानं शंभर लिहून पाहिलं. "दोन," त्या हळूच म्हणाल्या.

पट्टीवर दोन नाग आले. गर्दीत कुजबुज सुरू झाली.

"घ्या, मावशी, तुम्हाला बी सिद्धी आली. चीनला न जाता," गंधाली म्हणाली. "आता महाराजांची दक्षिणा घाला."

"एक हजार..." म्हणून गिरिजाबाई मधेच थांबल्या आणि महाराजांकडं बघत राहिल्या. महाराजांची बोटं चालेनात. मागून कुणीतरी ओरडलं, "घाला की, जल्दी!" शेवटी त्यांनी आकडा घातला. दक्षिणेत दोन नाग निघाले.

"पट्टीवर आपलाच आकडा चिनी अक्षरांत येतो, आणि नाग म्हणजे चिनी शून्य," गंधालीनं पट्टी उंच धरली. "आमच्या कंपनीत पिशव्या भरायचं चिनी यंत्र आलंय. त्याच्या पडद्यावर चिनी आकडे दाखवायला असलाच फुकटचा प्रोग्राम घेतला होता. त्यात चूक निघाली, ती मी दुरुस्त केली. महाराजांनी तोच उचललाय, चुकीसकट. आपण दोन हजार तीन म्हणतो. हा म्हणतो, दोन हजार, शून्यशे, शून्य दहा, तीन."

अख्खं कार्यालय हसलं.

"शतकाच्या न् दशकाच्या घरात काही नसलं तरी हा प्रत्येक दारात थांबून शून्याचं नाव घेतो. बरोबर लिहिलं तर मधे एकच शून्य येतं. आता बघा, लग्नाच्या पोरी दोन हजार दोन-तीनच्या, त्यांच्या सालात दोन शून्यं. पोरं सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची, त्यांच्यात एकही न्हाई. एवढंच शास्त्र."

"यंत्राला अपडेट लागल," महाराज पुटपुटले आणि लॅपटॉपवर कापड ओढलं.

गिरिजाबाई उठल्या. त्यांनी दैवशालाचा हात धरला. "चुकलं माझं, पोरी. तारीख धरू."

दैवशाला केशवकडं बघत होती. "तुमाला काय वाटलं होतं?"

"मला खोटंच वाटून राह्यलं होतं," केशव खाली मान घालून म्हणाला. "पण आईपुढं बोललो न्हाई."

"मंग आधी बोलायला शिका. तारखेचं मागून पाहू."

पुढच्याच आठवड्यात तो आईला घेऊन आमच्या घरी आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "खोट माझ्यात होती, हिच्यात न्हाई." मोबाइल त्यानं घरीच ठेवला होता.

वाचकहो, माझं मागणं साधं आहे. कुणी न कळणारी अक्षरं दाखवून भीती घातली, तर हात जोडण्याआधी त्याला आणखी दोन-चार आकडे घालायला लावा. खरं असेल ते तपासणीला भीत नाही. आणि लबाडी कळूनही तुम्ही गप्प बसलात, तर महाराजांचं अर्धं काम तुम्हीच केलंत.

लग्न थाटात झालं. आहेराची पाकिटं घ्यायला गिरिजाबाई स्वतः बसल्या होत्या. रीतीप्रमाणं पुष्कळांनी एक हजार एक दिले. दर वेळी त्या सुनेकडं बघून म्हणत, "घे गं, अजून दोन नाग आले. आत ठेव."